कॉर्डलेस संच घ्यायचाय: १२ व्होल्ट की १८? (पुण्यात फ्लॅट, देवरुखला जुनं घर)

पडवी:

नमस्कार मंडळी,

मोशीतल्या नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला आहे आणि घरातली बरीच कामं मला स्वतः करायची आहेत. पडद्याचे रॉड, टीव्हीचं ब्रॅकेट, पुस्तकांच्या फळ्या, बाथरूममधले टॉवेल रॉड वगैरे. बिल्डिंग मिवान शटरिंगची आहे, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच.

दुसरं काम देवरुखच्या घरी. आजोबांनी बांधलेलं चिऱ्याचं घर आहे. सागवानी दारांच्या बिजागऱ्या सैल झाल्यात, माळ्याची शिडी नवीन करायची आहे, पडवीत एक लांब बाकडं करायचं मनात आहे. जून ते सप्टेंबर तिथे वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून कॉर्डलेसचा विचार.

बजेट पंधरा हजारांच्या आसपास, थोडं वर गेलं तरी चालेल. शोधाशोध केल्यावर तीन पर्याय समोर आलेत:

पहिला म्हणजे ऑनलाइन मिळणारा मोठ्ठा संच. एका पेटीत ड्रिल, ग्राइंडर, इम्पॅक्ट रेंच, दोन बॅटऱ्या, बिटांचा ढीग, आणि वर "४८ व्होल्ट" लिहिलेलं. किंमत नावाजलेल्या कंपनीच्या एका ड्रिलपेक्षाही कमी. दुसरा, कंपनीचा १८ व्होल्टचा हॅमर ड्रिल, दोन बॅटऱ्या आणि चार्जरसकट. तिसरा, त्याच कंपनीचा १२ व्होल्टचा छोटा संच, जो बराच स्वस्त पडतो.

शिवाय बायकोचा भाऊ दिवाळीला अमेरिकेहून येतोय. तिकडे हे सगळं स्वस्त मिळतं म्हणे. त्याला आणायला सांगू का?

हाताला सुतारकीची थोडी सवय आहे. वडिलांबरोबर करवत आणि रंधा चालवला आहे, पण पॉवर टूल्स विकत पहिल्यांदाच घेतोय. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

---

ठाणेकर७:

मिवान असेल तर कॉर्डलेसचा नाद सोडा आणि वायरवाला हॅमर घ्या. आमच्याकडे १८ व्होल्टच्या ड्रिलने एक भोक पाडायला बॅटरीच्या चार्जचा एक दांडा जातो आणि बिटाचं टोक निळं पडतं.

---

वाइंडिंगवाला:

पडवी, कोल्हापुरात उद्यमनगरला माझं पॉवर टूल्स दुरुस्तीचं दुकान आहे. आर्मेचर गुंडाळणं, कार्बन बदलणं, स्विच बदलणं आणि आता बॅटरी पॅक उघडून बघणं, हेच दिवसभर चालतं. त्यामुळे कुठली मशीन चांगली यापेक्षा कुठली कशामुळे बंद पडते हे मला जास्त दिसतं. सविस्तर लिहितो.

आधी भिंत. तुमच्याकडे दोन टोकाच्या भिंती आहेत, आणि एकच मशीन दोन्हीकडे चालेल असं धरून खरेदी केलीत तर पैसे वाया जातील. ठाणेकर म्हणतात ते मिवानपुरतं बरोबर आहे. कारण सांगतो. साध्या हॅमर ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून उड्या मारतात. त्या उडीत जोर नसतो, जोर तुमच्या खांद्याचा. रोटरी हॅमरमध्ये, ज्याला आपण नुसतं "हॅमर" म्हणतो, आत एक पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा ठोकळ्याला बिटाच्या मागच्या टोकावर आपटते. तिथे तुम्ही दाबायचं नसतं, मशीन फक्त सरळ धरायचं असतं. काँक्रीटला हा दुसराच प्रकार लागतो. बिटाचा दांडाही वेगळा, एसडीएस प्लस, १० मिमीचा, खाचा असलेला.

तेव्हा मोशीसाठी वायरवाला, दोन किलोच्या वर्गातला एसडीएस प्लस हॅमर. फ्लॅटमध्ये वीज आहे, प्लग आहे, मग बॅटरीवर हॅमर चालवून काय मिळणार? कामं एकदाच होणार असतील तर तो विकतही घेऊ नका. हार्डवेअरवाले भाड्याने देतात. सगळ्या भिंतींवर पेन्सिलने खुणा करून ठेवा, एक दिवस हॅमर आणा आणि सगळी भोकं एका दमात पाडून टाका. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक नको. मिवानमध्ये पाइप काँक्रीटमध्येच ओतलेले असतात आणि तिथे चूक झाली तर दुरुस्ती फार अवघड. मध्येच बिट अडलं आणि खणखणाट झाला तर सळई लागली समजा. तिच्याशी झटू नका, इंचभर बाजूला सरका. बाथरूमच्या टाइलवर सुरुवातीला हॅमर अजिबात चालू करायचा नाही. टाइल पार होईपर्यंत टाइलचं बिट, कमी वेग, व्हिट्रिफाइड असेल तर डायमंड बिट आणि थोडं पाणी. मागचं काँक्रीट लागलं की मग हॅमर.

देवरुखला बरोबर उलट. चिरा मऊ असतो, त्याला ठोकलात की कडा सुटतात आणि ८ मिमीचं भोक १२ चं होऊन बसतं. गिट्टी (स्क्रू धरायला भोकात ठोकतो ती) आत गोल फिरत राहते. तिथे ड्रिलचा हॅमर मोड बंद, नुसतं फिरवून भोक पाडायचं, आणि ते चिऱ्यातच, दरजेत (दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात) नाही. जुन्या घराच्या दरजा भुसभुशीत असतात. गिट्टी लांब घ्या. जड वस्तू टांगायची असेल तर भोक मोठं करून, ओलं करून, त्यात सिमेंट भरून बसवा किंवा जुन्या लोकांसारखी लाकडी खुंटी ठोका. तर या भिंतीला आणि त्या सागवानी दारांना कॉर्डलेस उत्तम.

आता व्होल्ट. लिथियम सेल एकेक ३.६ व्होल्टचा. पाच एका ओळीत जोडले की १८. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल ४.२ पर्यंत चढतो, म्हणजे बेरीज २१. त्यामुळे १८ लिहिलेलं, "२० मॅक्स" लिहिलेलं आणि २१ लिहिलेलं, हे तिन्ही पाच सेलचेच पॅक. डीवॉल्टची हीच बॅटरी अमेरिकेत २० व्होल्ट मॅक्स म्हणून विकली जाते आणि युरोपात १८ व्होल्ट म्हणून. तसंच १२ व्होल्टवाल्यात तीन सेल, म्हणजे खरे १०.८.

मग ४८ कुठून आले? माझ्या टेबलावर ४८ लिहिलेले पॅक येतात, स्क्रू काढले की आत पाच सेल. ४८ खरे असते तर तेरा-चौदा सेल लागले असते आणि पॅक एवढ्याशा डबीत मावलाच नसता. एएचचंही (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो ते) तसंच. १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब असा जो नेहमीचा सेल असतो, त्याची उत्तमातली उत्तम क्षमता साडेतीन एएचच्या आसपास, आणि टूलला लागणारा जोरदार करंट देणारे सेल त्याहून कमीच. त्या सेलच्या पाचाच्या पॅकवर कुणी ६ एएच छापलं असेल तर ते शक्यच नाही. दुकानात पॅक हातात घेऊन बघा. २ एएचला पाच सेल आणि ४ एएचला बहुतेक दहा, म्हणून ४ वाला उंच आणि दणकट वजनदार असतो. सेलचं वजन लपवता येत नाही.

त्या मोठ्या पेटीबद्दल माझं स्पष्ट मत: घेऊ नका. मशीन वाईट असेलच असं नाही, मोटर कधी कधी बरी निघते. पण बॅटरी गेली की तसाच पॅक पुन्हा मिळत नाही, चार्जर मिळत नाही, आणि दोनशे रुपयांच्या स्विचसाठी चांगलं मशीन भंगारात जातं. गिऱ्हाईक हातात मशीन घेऊन उभं असतं आणि मला "पार्ट नाही" म्हणावं लागतं. मला ते आवडत नाही.

तुम्ही ड्रिल घेत नाही आहात, बॅटरी घेताय, असं समजून चला. एका कंपनीची बॅटरी घेतलीत की पुढचं जिगसॉ (वर-खाली चालणाऱ्या पातीची करवत), ग्राइंडर, ब्लोअर सगळं त्याच कंपनीचं नुसत्या बॉडीच्या भावात मिळतं. बॉडी स्वस्त, बॅटरी महाग. आणि एकाच कंपनीतही दोन घराणी असतात बरं का. बॉशची निळ्या रंगाची १८ व्होल्ट आणि हिरव्या रंगाची १८ व्होल्ट एकमेकांत बसत नाहीत. मकिताची एलएक्सटी आणि जी सिरीज, दोन्ही १८, तीही बसत नाहीत. डबा फोडायच्या आधी दुकानदाराला सरळ विचारा, "या बॅटरीवर अजून काय काय चालतं आणि त्यातलं तुमच्याकडे आत्ता काय आहे?" समोर माल दाखवला तर घ्या. पुण्यात बोहरी आळीत पायपीट करा, हातात धरून बघता येईल. सर्व्हिस सेंटर कुठे आहे तेही विचारा आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या, वॉरंटीला तेच लागतं.

मोटर ब्रशलेस की कार्बनवाली (म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे, झिजणारे कार्बनचे तुकडे असलेली)? घरगुती ड्रिलला कार्बनवाली पुरते. कार्बन झिजले की बदलायचे, फार खर्च नाही. ब्रशलेस एका चार्जवर जास्त चालते, पण तिचं सर्किट गेलं तर बिल मोठं येतं. पुढे कधी कॉर्डलेस ग्राइंडर किंवा सर्क्युलर सॉ घेतलात तर मात्र ब्रशलेसच.

तुमच्यासाठी माझा हिशोब: १८ व्होल्टचा, १३ मिमी चकचा (बिट पकडणारा जबडा), हॅमर मोड असलेला ड्रिल-ड्रायव्हर, दोन बॅटऱ्या. बाकी काही नको. हॅमर भाड्याने. उरलेल्या पैशात चांगली बिटं. मशीन महागडं आणि बिट वीस रुपयांचं, हे मला रोज बघायला मिळतं आणि मग मशीन खराब म्हणून तक्रार येते.

---

नंदिनी डोंबिवली:

वाइंडिंगवाला दादा, छान लिहिलंत. पण १२ व्होल्टची बाजूही कुणीतरी मांडायला हवी.

माझ्याकडे १२ व्होल्टचाच संच आहे. बॅटरीसकट वजन किलोच्या आसपास, १८ वाला दीड किलोच्या वर जातो. स्टुलावर चढून, एक हात भिंतीला आणि एका हातात मशीन, असं ओट्यावरच्या कपाटाच्या बिजागऱ्या घट्ट करताना हा फरक मनगटाला कळतो. आमची बिल्डिंग जुनी, भिंती विटेच्या. ६ मिमीची भोकं आरामात पडतात, लाल भुकटी सरसर येते.

फक्त एक जागा सोडून. खिडकीवर पडद्याचा रॉड लावायला गेले तर बिट अर्ध्या सेंटिमीटरवर थांबलं आणि भुकटी करडी यायला लागली. खिडकीच्या वर लिंटेल असतं, म्हणजे विटेच्या घरातही तेवढा पट्टा काँक्रीटचा. रॉडचं ब्रॅकेट नेमकं तिथेच येतं. वॉचमन काकांच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडचा हॅमर आणला आणि दोन मिनिटांत काम झालं. त्यामुळे ज्यांना वाटतंय की आपली भिंत विटेची आहे, हॅमरची गरजच नाही, त्यांनी खिडकीचा विचार करून ठेवा.

पडवी, तुमचं काम प्लाय, फळ्या आणि बिजागऱ्या एवढंच असतं तर मी १२ च सांगितलं असतं. पण बाकडं आणि शिडी म्हणजे जाड लाकूड, लांब स्क्रू. तिथे १८ बरं.

---

हडसनकाठ:

न्यू जर्सीहून लिहितोय. अमेरिकेहून आणण्याबद्दल.

बॅटरी आणि मशीन भारतात चालतील, चार्जर चालणार नाही. इथला चार्जर १२० व्होल्टचा असतो. भारतात २३० च्या प्लगला लावला की संपला. नुसता पिनचा अडॅप्टर लावून भागत नाही, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल किंवा तिथला चार्जर वेगळा घ्यावा लागेल. चार्जरवर इनपुट काय लिहिलंय ते वाचा.

विमानात: सुटी लिथियम बॅटरी चेक-इन सामानात टाकायची नाही, हातातल्या बॅगेतच न्यायची, टोकांवर टोपण किंवा टेप लावून. मशीन मात्र चेक-इनमध्ये. १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी चालते. १८ व्होल्ट गुणिले ५ एएच म्हणजे ९०, ती बसते. ८ एएचची १४४ होते, तिला एअरलाइनची आधी परवानगी लागते.

मी स्वतः भावासाठी नुसत्या बॉडी नेतो, बॅटरी आणि चार्जर तो सांगलीत घेतो. वॉरंटी तिकडे मिळेल असं गृहीत धरू नका.

---

पडवी:

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: १८ व्होल्टचा ड्रिल, दोन बॅटऱ्या, बोहरी आळीतून. मेहुण्याला काही सांगत नाही. हॅमर भाड्याने.

अजून तीन शंका. संच देवरुखलाच ठेवून दिला तर चालेल का? मे महिन्यात गेलो की थेट गणपतीला जाणं होतं. दुसरं, सागवानी दारांच्या जुन्या भोकांत स्क्रू धरत नाहीत, त्यासाठी ड्रायव्हर कसा वापरू? आणि तिसरं, शिडीचं लाकूड कापायला गावातला एक जण ग्राइंडरला लाकडाची दातेरी पाती लावून देतो म्हणतोय. कॉर्डलेस ग्राइंडर घेऊन तसं करावं का?

---

वाइंडिंगवाला:

बॅटरी देवरुखला सोडू नका. मशीन राहू दे, चकला तेलाचा हात लावून, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून. बॅटरी पुण्याला घेऊन या. रिकामी बॅटरी पावसाळाभर पडून राहिली की स्वतःच हळूहळू आणखी उतरते, आणि एका मर्यादेखाली गेली की चार्जर तिला घेतच नाही, लाल दिवा लागतो. गणपतीनंतर माझ्याकडे अशा बॅटऱ्यांची रांग लागते. ठेवताना चार्जच्या चार दांड्यांपैकी दोन असावेत, जागा थंड असावी. काम करून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जरला लावायची नाही, हाताला गार लागेपर्यंत थांबा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर ठेवूच नका.

बिजागऱ्या. जुनं भोक मोठं झालंय, त्यात अजून जाड स्क्रू कोंबू नका. सागाचीच बारीक खुंटी तासून, फेव्हिकॉल लावून ठोका, रात्रभर वाळू द्या, वरून सपाट कापा. मग ८ नंबरच्या स्क्रूसाठी ३ मिमीचं बिट लावून नवीन भोक. स्क्रूच्या आट्यांना मेण चोळा. पितळी स्क्रू असतील तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आत घालून काढा, मगच पितळी. पितळ थेट सागात गेलं तर मान मोडते आणि तुकडा आत राहतो.

चकच्या मागे आकडे असलेली कडी असते ना, ती क्लच. बहुतेकांच्या मशीनवर ती कायम ड्रिलच्या चित्रावर अडकलेली असते, म्हणजे क्लच बंद, सगळा जोर स्क्रूवर. बिजागरीच्या स्क्रूला कडी ३ किंवा ४ वर आणा, वरचा गिअर १ वर. स्क्रूचं डोकं पत्र्याला टेकलं की कट-कट-कट आवाज येईल, मोटर फिरत राहील पण स्क्रू थांबेल. अर्धवट थांबला तर एक आकडा वाढवा, पुन्हा बघा. तुमच्या लाकडाचा आकडा दोन-तीन स्क्रूंत सापडतो. पार्टिकल बोर्डला तर हे फारच जपायचं, तिथे अर्धा फेरा जास्त झाला की आटे गेले. भोक पाडताना गिअर २ आणि कडी ड्रिलच्या चित्रावर.

आता ग्राइंडर. लाकडाची दातेरी पाती ग्राइंडरला लावायची नाही. कोणी कितीही सराईत असो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो, पातीची कड तासाला दोनशे किलोमीटरच्या वर जाते. लाकडात गाठ लागली की पाती अडकते आणि मशीन उसळून अंगावर येतं. लाकूड कापणाऱ्या मशीनला पाय असतो, लाकडावर टेकायला. ग्राइंडरला तो नाही. शिवाय ती पाती बसावी म्हणून गार्ड काढून टाकतात. माझ्याकडे गार्डशिवाय आलेला ग्राइंडर गार्ड बसवल्याखेरीज परत जात नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

आणि कॉर्डलेस ग्राइंडरचा हिशोबही बघा. वायरवाला चार इंची साधारण ७०० ते ८५० वॉट खेचतो. तुमची ४ एएचची बॅटरी म्हणजे १८ गुणिले ४, ७२ वॉट-अवर. तेवढ्याच जोराने चालवला तर सहा मिनिटं. लोखंडाचं काम निघेल तेव्हा वायरवाला घ्या. डिस्कवर छापलेली मुदत बघून घ्या, मुदत संपलेली लावू नका.

शिडीला आणि बाकड्याला जिगसॉ घ्या, त्याच बॅटरीवर चालणारी नुसती बॉडी. जाड लाकडाला टी १४४ डी पाती, भरभर कापते पण कड खडबडीत येते. फळीला स्वच्छ कड हवी तर टी १०१ बी. पातीचे दात वर कापतात, म्हणून लाकडाची चांगली बाजू खाली ठेवायची. शिडीच्या उभ्या दांड्यांना मात्र लांब सरळ काप लागतील, ते जिगसॉने वाकडे जातात. ते देवरुखातच लाकडाच्या वखारीत कापून घ्या, आणि पायऱ्यांच्या खाचा घरी जिगसॉने मारून पटाशीने साफ करा. वडिलांची पटाशी असेलच घरात, धार लावून न्या.